मदत हवी आहे: मिस्टरी शॉपिंगचे पैसे कसे मिळतात? आधी फी भरावी लागते का?

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी. जरा घाईत लिहितेय, कारण उद्या सकाळपर्यंत निर्णय घ्यायचाय.

माझी वहिनी संगमनेरला असते. बी.कॉम. झालेली, हिशेबाला पक्की. मुलं शाळेत जायला लागली तशी काहीतरी काम शोधत होती. गेल्या आठवड्यात तिला व्हॉट्सॲपवर मिस्टरी शॉपरच्या कामाचा मेसेज आला. म्हणजे दुकानात, हॉटेलात साधं गिऱ्हाईक म्हणून जायचं, सेवा कशी मिळते ते बघायचं आणि कंपनीला रिपोर्ट द्यायचा. आठवड्याला चार हजार मिळतील म्हणतात, पेमेंट २४ तासांत. फक्त आधी १,४९९ रुपये नोंदणी फी, त्यातले ९९९ पहिल्या कामानंतर परत. गोल शिक्का मारलेलं करारपत्र पीडीएफमध्ये आलंय, त्यावर कपड्यांच्या एका मोठ्या ब्रँडचा लोगो आहे. पैसे मात्र कुणा एका माणसाच्या नावच्या यूपीआयवर पाठवायचेत. मला तिथेच खटकलं.

गोंधळ असा झालाय की भावाचा एक मित्र पुण्यात खरोखर हे काम करतो. तोही आधी खिशातून पैसे घालतो आणि महिना-दीड महिन्यानं ते परत मिळतात. त्यामुळे भाऊ म्हणतो, "बघ, या कामात आधी पैसे घालावेच लागतात." वहिनीलाही ते पटलंय. तिला नुसतं "फसवणूक आहे, सोडून दे" म्हणून मला भागवायचं नाही. कमवायची तिची इच्छा मनापासूनची आहे आणि तिच्या उत्साहावर मी पाणी ओततेय असं तिला वाटायला नको.

ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया नीट सांगा. पैसे कोण देतं, कधी देतं, त्यातून काय काय कापलं जातं, आणि फी म्हणून काही खरंच असतं का?

तळेगावकर:

ताई, पैसे भरू देऊ नका. हे आधी सांगतो, मग बाकीचं.

मी नोकरी सांभाळून बरीच वर्षं हे काम करतोय. भावाचा मित्र खरं बोलतोय, पण तो पैसे घालतो ते दुकानाच्या काउंटरवर. त्याचं त्याला बिल मिळतं आणि वस्तूही मिळते. काम देणाऱ्या एजन्सीला तो एक रुपयाही देत नसणार. एवढा फरक वहिनींना समजला की अर्धा प्रश्न सुटला. आधी खिशातून खर्च होतो हे खरंच आहे, आणि फसवणारे नेमका त्याचाच आधार घेतात.

ब्रँड म्हणजे बँक, पेट्रोल कंपनी, बर्गरवाले, गाड्यांची शोरूम वगैरे. ब्रँड एजन्सीला काम देतो, एजन्सी आपल्याला देते. पैसेही त्याच वाटेनं येतात. महिनाअखेर जवळ आली आणि एखाद्या शाखेची व्हिजिट राहिली असेल तर एजन्सीचे कोऑर्डिनेटर स्वतः फोन करून फी वाढवून देतात. माणसं मिळत नाहीत ही त्यांची अडचण असते, मग त्या माणसांकडूनच फी कशाला घेतील?

एका बर्गरच्या दुकानाचं काम कसं असतं ते सांगतो. फी २५०, बिलाची परतफेड जास्तीत जास्त ३५०. दुपारी १ ते ३ मध्येच जायचं, सांगितलेलंच मील घ्यायचं, कुपन वापरायचं नाही. रांगेत उभं राहिल्यापासून ऑर्डर घेईपर्यंत किती वेळ गेला, ऑर्डरपासून ट्रे हातात येईपर्यंत किती, हे कुणाला कळू न देता टिपायचं. काउंटरवरच्या मुलाच्या बिल्ल्यावरचं नाव लक्षात ठेवायचं. "मोठं मील देऊ का?" असं त्यानं विचारलं की नाही तेही. स्वच्छतागृहात साबण होता का, दारामागच्या सफाईच्या तक्त्यावर शेवटची सही किती वाजताची होती. बिलाचा फोटो असा हवा की तारीख, वेळ, बिल नंबर स्पष्ट वाचता येईल. बिल ३८० झालं तर वरचे ३० आपले गेले.

रिपोर्ट त्याच रात्री, फार तर २४ तासांत भरायचा. मग रिपोर्ट तपासणाऱ्या एजन्सीच्या एडिटरची मेल येते: "प्रश्न ७ ला 'नाही' लिहिलंय, नक्की काय घडलं ते लिहा." ते सगळं निस्तरून रिपोर्ट पास झाला की पुढे ३० ते ६० दिवस धरा, एजन्सीप्रमाणे बदलतं. फी आणि बिलाची रक्कम बँक खात्यात येते. २४ तासांत पेमेंट देणारी एजन्सी माझ्या तरी पाहण्यात नाही. क्लायंटनं रिपोर्ट मंजूर करेपर्यंत एजन्सीच्याच हातात पैसे आलेले नसतात.

खरी जोखीम वेगळीच आहे. रिपोर्ट नाकारला तर फीही नाही आणि बिलही नाही. वेळ चुकली, बिल हरवलं, एकाच रस्त्यावर दोन शाखा असताना भलत्याच शाखेत गेलो, की गेलेले पैसे आपलेच. म्हणून नवख्या माणसानं मोठ्या बिलाची व्हिजिट घेऊच नये.

शमी:

तळेगावकरांनी बहुतेक सगळं सांगितलंय. कापाकापीचं मी लिहिते, कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते म्हणून.

मिस्टरी शॉपर कंपनीचा नोकर नसतो, त्यामुळे पगारपत्रक, पीएफ वगैरे काही नाही. एजन्सी टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा आयकर, कापू शकते. कॉन्ट्रॅक्टर धरलं तर व्यक्तीसाठी १ टक्का, प्रोफेशनल धरलं तर १० टक्के. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के, म्हणून नोंदणी करताना एजन्सी पॅन मागते. कायद्यात टीडीएससाठी किमान रकमेची मर्यादा आहे, तरी काही एजन्सी सुरुवातीपासूनच कापतात. कापलेले पैसे बुडत नाहीत. ते आयकर खात्याच्या साइटवर आपल्या पॅनवर जमा झालेले दिसतात आणि वहिनींचं एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून परत मिळतात. मात्र रिटर्न भरावं लागतं, आणि पाच-सातशे रुपयांसाठी लोक ते करत नाहीत.

एक बारीक गोष्ट बघा. फी आणि बिलाची परतफेड एजन्सी वेगवेगळी दाखवते का? दोन्ही एकाच आकड्यात दाखवली तर टीडीएस सगळ्या रकमेवर कापला जाऊ शकतो, म्हणजे खाल्लेल्या बर्गरवरही. पहिल्या पेमेंटलाच मेल करून विचारून घ्यावं.

परदेशी एजन्सी कधी पेपॅल या ऑनलाइन सेवेनं पैसे देतात. भारतातल्या भारतात पेपॅल १ एप्रिल २०२१ पासून बंद आहे, पण बाहेरून आलेले पैसे घेता येतात. त्यावर साधारण साडेचार टक्के फी जाते, शिवाय डॉलरचे रुपये करतानाही थोडे जातात. फी म्हणायची तर या कामात खरी फी एवढीच, आणि तीसुद्धा आलेल्या पैशातून कापली जाते.

गोदाकाठ:

दोघांचेही खूप आभार. वहिनीला धागा वाचून दाखवला. तिनं त्या माणसाला लगेच मेसेज केला, "फी माझ्या पहिल्या कामातून कापून घ्या." उत्तर आलं, "कंपनी पॉलिसीत बसत नाही." वर ऑफर आज रात्री १२ पर्यंतच आहे म्हणे. शिवाय आता नवीनच निघालंय, एमएसपीएचं सर्टिफिकेट सक्तीचं आहे, त्याचे आणखी २,५०० रुपये. हे एमएसपीए काय असतं?

आणि तिनं आधार आणि पॅनचे फोटो आधीच पाठवलेत. त्याचं काय करायचं?

तळेगावकर:

एमएसपीए ही मिस्टरी शॉपिंग करवून घेणाऱ्या एजन्सींची खरीखुरी संघटना आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, आशिया-पॅसिफिकसाठी तिची वेगळी शाखा आहे. ती स्वतः कुणाला काम देत नाही. तिचे अभ्यासक्रम ऐच्छिक आहेत, ते न करताही काम मिळतं. मी कुठलंच सर्टिफिकेट घेतलेलं नाही. ज्या माणसानं १,४९९ मागितले त्यालाच सर्टिफिकेटचे पैसे द्यायचे, यातच सगळं आलं.

पारिजात, न्यू जर्सी:

इकडे हाच प्रकार वेगळ्या रूपात चालतो. इथे कुणी नातेवाईक शिकायला आले असतील त्यांनाही सांगा. मिस्टरी शॉपर म्हणून निवड झाल्याचं पत्र येतं, सोबत दोन-अडीच हजार डॉलरचा चेक. तो खात्यात भरायचा, आपली फी ठेवून घ्यायची आणि उरलेल्या पैशांची गिफ्ट कार्डं घेऊन त्यांचे नंबर कळवायचे, म्हणजे दुकानाची "तपासणी" झाली. बँक चेकचे पैसे एक-दोन दिवसांत वापरायला देते, पण चेक खोटा आहे हे कळायला आठवडेही लागू शकतात. तोवर गिफ्ट कार्डं रिकामी झालेली असतात आणि बँक सगळी रक्कम आपल्याकडून वसूल करते. नवीन विद्यार्थ्यांना इथली चेकची पद्धत माहीत नसते, खात्यात आकडा दिसला की पैसे आले असंच वाटतं. फेडरल ट्रेड कमिशन या इथल्या सरकारी संस्थेनं याबद्दल अनेकदा सावध केलंय. मिस्टरी शॉपर होण्यासाठी पैसे भरू नका, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलंय.

रानजाई:

गोदाकाठ, कागदपत्रांचं आजच करून टाका. आधारचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर किंवा ॲपवर लॉक करता येतं. पॅनवर कुणी कर्ज काढलं तर ते क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसतं. कर्जांची नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. एक आत्ता काढा, दुसऱ्या ब्युरोचा दोन-तीन महिन्यांनी. पुढे कुणाला आधार द्यावंच लागलं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्यायचं.

पैसे गेलेले नाहीत तरी तो नंबर सरकारच्या संचारसाथी पोर्टलवर, संशयास्पद फोन-मेसेज कळवायच्या चक्षू या सोयीत कळवा. स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, मगच ब्लॉक करा. कुणाचे पैसे गेलेच असतील तर जराही न थांबता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तरच परत मिळायची आशा असते.

अशा अर्धवेळ कामाच्या नावाखाली फसवणाऱ्या शंभरावर वेबसाइट केंद्रानं डिसेंबर २०२३ मध्ये बंद केल्या होत्या. त्यांचं लक्ष्य कोण होतं, तर निवृत्त लोक, महिला आणि बेरोजगार तरुण. वहिनींना हे जरूर सांगा. त्यांच्या समजुतीत काही कमी नव्हतं, घरी बसून काम शोधणाऱ्या बायकांना हे लोक ठरवून गाठतात.

गोदाकाठ:

नंबर कळवून ब्लॉक केला, आधार लॉक झालं. "माझ्याच कामातून कापून घ्यायला नाही म्हणतात म्हणजे काम नाहीच," असं वहिनी स्वतःहून म्हणाली. खूप बरं वाटलं.

आता तिचा प्रश्न आहे की खरं काम करायचं तर कुठे नाव नोंदवायचं, आणि संगमनेरसारख्या गावात ते मिळेल का?

तळेगावकर:

मिळेल, पण पुण्या-मुंबईइतकं नाही, आणि त्यावर घर चालत नाही. तालुक्याच्या गावात जास्त करून बँकेच्या शाखा, पेट्रोल पंप, मोबाइलची आणि दुचाकीची दुकानं. एजन्सीच्या स्वतःच्या वेबसाइटवर जाऊन नोंदणी करा, मेसेजमधल्या लिंकवरून नको. बेअर इंटरनॅशनल ही १९८७ पासूनची अमेरिकी एजन्सी भारतातही काम करते, नोंदणी फुकट आहे. भारतीय एजन्सीही आहेत. कंपनीचं नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर आणि जीएसटी नंबर जीएसटी पोर्टलवर फुकट तपासता येतो. वहिनी बी.कॉम. आहेत, त्यांना पाच मिनिटं लागतील.

काम घेताना जाण्या-येण्याचा खर्च फीतून वजा करून बघा. २०० रुपयांच्या व्हिजिटसाठी एसटीनं नाशिकला जाण्यात काही अर्थ नाही, आपल्याच गावातल्या तीन व्हिजिट एका फेरीत होत असतील तर आहे. पहिली पेट्रोल पंपाची घ्या. पेट्रोल आपल्याच स्कूटीत जातं, त्यामुळे रिपोर्ट नाकारला गेला तरी नुकसान फक्त वेळेचं. मीटर शून्यावर आहे हे दाखवलं का, हवा भरायची सोय चालू होती का, बिल न मागता दिलं का, असे प्रश्न असतात, तपशील एजन्सीच्या ब्रीफमध्ये, म्हणजे कामाच्या सूचनापत्रात येतो. वहीत तारीख, असाइनमेंट नंबर, शाखा, बिल, फी आणि पेमेंटची अपेक्षित तारीख लिहून ठेवा. ती तारीख उलटली तर असाइनमेंट नंबर घालून एजन्सीच्या अकाउंट्सला मेल करा, कोऑर्डिनेटरच्या व्हॉट्सॲपवर नाही. आधीचं पेमेंट आल्याशिवाय त्या एजन्सीची दुसरी मोठी व्हिजिट घेऊ नका.