वाळीत टाकलेल्या माणसानं समेटाला बसावं का?

कोयनाकाठचा
मामाचं गाव पाटण तालुक्यात, नाव नको. मामेभावाने जातीबाहेर लग्न केलं म्हणून गावकीने घर वाळीत टाकलं. तोंडावर कुणी काही बोललं नाही हं, यात्रेची वर्गणी घेतली नाही एवढंच, मग मामी दळण घेऊन गेली तर गिरणीवाला म्हणतो पट्टा तुटलाय, आणि मागं गिरणी चालू, पीठ उडतंय. शेवटी गुन्हा दाखल केला, सामाजिक बहिष्काराचा 2016 चा कायदा आहे त्याखाली, 3 वर्षांपर्यंत कैद नाहीतर 1 लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. आता गावातले चौघं म्हणतायत आधी केस मागे घ्या, मग मध्यस्थ घालून बसू. मामा तयार आहे, भाऊ नाही. मला मामाचं पटतं, केस जिंकली तरी राहायचं त्याच गावात ना.

तासगावकरीण
समेट बांधाचा होतो ओ. बांधात दोघांचं थोडं थोडं जातं. इथं मामांनी काय सोडायचं, सून? आमच्या आर. आर. आबांनी 2007 ला तंटामुक्ती आणली, आमच्या चुलत्यांचा बांधाचा वाद तिथंच मिटला, खोटं कशाला बोलू. पण बक्षिसासाठी तंटे मिटलेले दाखवायचे म्हणून जो गरीब त्यालाच "जाऊ दे की आता" म्हणताना पण बघितलंय मी.

काळा कोट सातारा
ताई, तंटामुक्ती समितीत गावचीच माणसं असायची. मेडिएशनमध्ये, म्हणजे मध्यस्थीत, बाहेरचा, ट्रेनिंग घेतलेला माणूस असतो, तो निकाल देत नाही, तिथं बोललेलं कोर्टात वापरता येत नाही, आणि पटलं नाही तर उठून यायचं. 2023 च्या मेडिएशन कायद्यात तर केस टाकायच्या आधीचं मेडिएशन ऐच्छिकच ठेवलंय.
पण कोयनाकाठचे, "आधी मागे घ्या" इथंच गोम आहे. गुन्हा दाखल झाला की तो असा घरी बसून मागे घेता येत नाही. बहिष्काराच्या कायद्यात तडजोडीला वाव आहे, पण पीडितांची तयारी आणि कोर्टाची परवानगी दोन्ही पाहिजे. केस चालू ठेवूनच बसा. अ‍ॅट्रॉसिटीचं कलम लागलं असेल तर तो विषयच वेगळा.

माणदेशी गडी
लय कायदा नका सांगू, माझं ऐका. भाऊ व्हीलचेअरवर असतो, सांगलीत विश्रामबागला फ्लॅट. सोसायटी रॅम्प देईना, म्हणं पार्किंग जातंय. एका निवृत्त मास्तरांना मधी घातलं, दोन बैठका, चहा-पोहे, आन् पंधरा दिवसात रॅम्प. कोर्टात गेलो असतो तर अजून तारखाच चालल्या असत्या.

तासगावकरीण
आणि भाऊ एकटा चढतो का त्या रॅम्पवरनं?

माणदेशी गडी
न्हाय. मागनं ढकलावं लागतंय. लय उभा केलाय.

काळा कोट सातारा
1 ला 12 चा उतार लिहून घ्यायला पाहिजे होता, म्हणजे फूटभर उंचीला बारा फूट लांबी. "रॅम्प करू" एवढ्यावर सही केली की असलं होतं. बहिष्काराचं पण तेच बघा, "गुण्यागोविंदाने राहू" असं कागदावर असतं, त्यात ना गिरणी असते ना वर्गणी.

तासगावकरीण
तेच म्हणतेय मी. आणि ऐच्छिक कशाला म्हणायचं वकीलसाहेब? अंगणात एका बाजूला चौदा जण, दुसऱ्या बाजूला मामा-मामी, तिथं मामा "हो" म्हणाले तर ती इच्छा का भीती?

साताऱ्याचा पण परदेशात
इकडं अमेरिकेत नोकरीत भेदभावाची तक्रार ईईओसीकडे, म्हणजे त्यासाठीच्या सरकारी आयोगाकडे, गेली की बऱ्याचदा दोघांनाही विचारतात, मेडिएशनला येता का. फुकट असतं. एक जण नाही म्हणाला की तक्रार सरळ चौकशीला. म्हणजे नाही म्हणणाऱ्याची तक्रार जागेवरच राहते. मामाला तशी सोय आहे का ते बघा आधी.

कोयनाकाठचा
काल मामाला फोन केला. "आधी केस मागे" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, ताई तुमचं चौदा जणांचं पण खरंय, आमच्यात खरंच तसंच बसतात. मामा म्हणाला बसलो तर साताऱ्यात बसू, गावात नाही, केस चालू राहील, आणि बसायच्या आधी तुझी मामी गिरणीत जाऊन दळण आणणार. भाऊ अजून नाहीच म्हणतोय, त्याला मी आता काही बोलत नाही. चौघांना तसा निरोप दिलाय. दोन दिवस झाले, कुणाचा फोन नाही.