‘वाटतं’नंतर ‘बोल’ कशाला? चिनी ‘श्वो’ आणि आपलं ‘म्हणे’

प्रश्न : तैवानी मालिकांत ‘वो ज्युए-द श्वो…’ सारखं कानावर पडतं. ‘ज्युए-द’ म्हणजे वाटणे, ‘श्वो’ म्हणजे बोलणे. मग माणसाला वाटतंय, का तो बोलतोय?

— वाटतंयच. तिथला ‘श्वो’ आपल्या ‘की’चं काम करतो : ‘मला वाटतं की…’. खात्री करायची तर त्याला ‘ल’ लावून बघा. एरवी ‘श्वो-ल’ म्हणजे बोलून झालं. पण ‘ज्युए-द’नंतरच्या ‘श्वो’ला हा ‘ल’ चिकटतच नाही, म्हणजे गडी क्रियापदांच्या पंगतीतून उठला. ही लकब तैवानात जास्त, कारण तिथल्या घरगुती दक्षिणी मिन बोलीत ‘कोंग’ (बोलणे) हेच काम करतं. भाषाशुद्धीवाले हा ‘श्वो’ फालतू म्हणून खोडतात. मला विचाराल तर उगाच.

— मग आपलं ‘म्हणून’ तरी काय वेगळं? ‘पाऊस आला म्हणून थांबलो’, यात कोण काय म्हणालं?

— कोणीच नाही! हैदराबादी दखनीतलं ‘बोलके’ (म्हणजे ‘बोलून’) ही त्यातलंच. पण आपल्या ‘म्हणे’ला कॅन्टोनीज (हाँगकाँगकडची चिनी बोली) आणखी जवळचं. ‘वा’ म्हणजे म्हणणे. वाक्याच्या शेवटचा ‘वो’ त्यातूनच आला, असं बरेच अभ्यासक मानतात. ‘खोय म् लै वो’ : तो येत नाही म्हणे. ऐकीव बातमी, जबाबदारी माझी नाही. सूर मात्र खालून चढता हवा. सपाट लागला की अर्थ ‘अरे, असं आहे होय!’कडे झुकतो.

— ‘तुका म्हणे’तलं ‘म्हणे’ यात धरायचं का?

— नाही. तिथे म्हणणारा समोर उभा आहे. ‘तुका येणार म्हणे’ म्हटलं की तो गायब.

— आणि ‘ताओ’? त्याचाही अर्थ बोलणे होता असं ऐकलंय.

— होता. ‘ताओ-ते-चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथाच्या पहिल्या ओळीत हा शब्द तीनदा येतो. पहिला आणि तिसरा ‘मार्ग’. मधला बहुतेक टीकाकार ‘सांगणे’ असा घेतात. आज बोलताना सुटा कोणी असा वापरत नाही. कथेत अवतरणाआधी ‘श्वो-दाव’ (म्हणाला; ‘दाव’ म्हणजे हाच ‘ताओ’) दिसतो, आणि ‘जृ-दाव’मध्ये तो रोज तोंडी असतो. त्याचा अर्थ फक्त ‘माहीत असणे’. एक शब्दही न बोलता.