अनुभव धागा: मुलांच्या परदेशी मिशनसेवेत आईवडील सोबत जातात तेव्हा

कृष्णाकाठ

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीचा (चर्चचा) तरुण संघ सेवेसाठी नेपाळला जाणार आहे आणि त्यातील दोघांनी आपल्या निवृत्त आईवडिलांनाही बरोबर नेण्याची परवानगी मागितली आहे. त्यावर झालेली चर्चा ऐकताना आम्ही उभयता मुलीबरोबर पोखरा येथे गेलो होतो ते दिवस आठवले, म्हणून हा धागा काढत आहे. आपणही आपले अनुभव लिहावेत.

आमची मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. कुष्ठरुग्णांसाठी १९५७ साली सुरू झालेल्या ग्रीन पास्चर्स या मिशन रुग्णालयात तिचा गट काम करणार होता. माझ्या यजमानांची सारी नोकरी कुष्ठरोग रुग्णालयाच्या पादत्राणे विभागात झाली, त्यामुळे त्यांना घेऊन जावे ही कल्पना तिचीच होती. कुष्ठरोगाने पायाची संवेदना गेली की खडा टोचलेला कळत नाही, जखम चिघळते आणि पुढे बोटे, कधी संपूर्ण पाऊल गमवावे लागते. त्यासाठी एमसीआर, म्हणजे सूक्ष्म छिद्रे असलेल्या मऊ रबराची, चप्पल देतात. तिच्यात खिळा मारायचा नसतो, कारण तो वर आला तर रुग्णाला समजणार नाही. सगळे काम शिलाईवर आणि चिकटवण्यावर करायचे. यजमान तेथील कारागिरांशेजारी बसून पट्ट्यांची मापे घेत असत. दोघांमध्ये जेमतेम हिंदी हीच सामाईक भाषा होती, पण पायाचा ठसा कागदावर उमटला की पुढचे बोलावे लागत नसे. मी स्त्रियांच्या कक्षात रोज पाय पाण्यात भिजवणे, घट्टे हलके घासणे आणि तेल लावणे ही कामे करत असे. हे रुग्णाने घरी स्वतः करायचे असते. पण कोणी शेजारी बसून आपलेही पाय भिजवले की त्या बायका अधिक मनापासून करतात, असे मी पाहिले.

गटाची प्रमुख मुलगी होती. कोणी कोठे बसायचे, किती वाजता जेवायचे, कोणत्या रुग्णाला हात लावायचा हे ती ठरवत असे आणि यजमान तिला सर्वांसमोर ‘ताई’ म्हणून विचारूनच काम बदलत. ज्या माणसाने तिला सायकल शिकवली त्याने तिची परवानगी मागावी, हे पाहून मला धन्यता वाटली. माझे मत असे आहे की पालकांच्या हातात तेथे उपयोगी पडेल असे काम असेल आणि मुलांचे नेतृत्व ते मनापासून मानणार असतील, तरच त्यांनी जावे. केवळ मुलांची काळजी घेण्यासाठी गेलेले आईवडील गटाला जड होतात.

आणखी एक गोष्ट. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेत दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्यास मनाई आहे आणि २०१८ मध्ये लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद व ५० हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. आपल्या पिढीतील अनेकांना प्रवासात भेटेल त्याला पत्रक देण्याची आणि साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव, सांगण्याची सवय असते. वडीलधाऱ्यांना हे निघण्यापूर्वी स्पष्टपणे सांगावे आणि ते मुलांनीच सांगावे.

राजेळी

जय येसू. आमचे कुटुंब वसईचे, कॅथलिक. माझी धाकटी बहीण सिस्टर (व्रतस्थ धर्मभगिनी) आहे आणि टांझानियात किलिमांजारोच्या पायथ्याशी मोशीजवळ तिच्या संघाचा दवाखाना आहे. तिच्या अंतिम व्रतांसाठी आईबाबा गेले आणि समारंभानंतर तेथेच सेवेसाठी राहिले. बाबांचे आयुष्य वाडीत गेले आहे. डोंगरउतारावरच्या चागा लोकांच्या बागा त्यांनी पाहिल्या, केळीच्या सावलीत कॉफी आणि पाटाने डोंगरातून आणलेले पाणी, तेव्हा ते दुसऱ्याच दिवशी कॉन्व्हेंटच्या बागेत खुरपे घेऊन उतरले. केळी व मांसाचे ‘मटोरी’ नावाचे सूप त्यांना इतके आवडले की फोनवर प्रत्येक वेळी त्याचेच वर्णन होत असे.

आईचे तसे झाले नाही. मुलगी रोज समोर दिसते, पण ती सर्वांची सिस्टर आहे. रात्री दार वाजले की बाळंतिणीसाठी जाते आणि आईशी बोलायला तिला वेळ नसतो. आई पहिले काही दिवस फार रडली. मग तिने दवाखान्यात येणाऱ्या बायकांची लहान मुले सांभाळायला घेतली. त्यानंतर तिला बहिणीचा थकवा कळू लागला. आज बहिणीचा फोन आला नाही तर घरी तक्रार होत नाही, हा त्या प्रवासाचा मला दिसणारा सर्वांत मोठा लाभ आहे.

न्यूजर्सीकर

आमच्या मंडळीचा गट ग्वाटेमालात काकचिकेल भाषा बोलणाऱ्या माया लोकांच्या गावांत चुली बांधायला जातो. तेथे अनेक घरांत तीन दगडांवर उघडा विस्तव असतो, घरभर धूर होतो आणि लहान मुले त्यात पडून भाजतात. त्याऐवजी विटांचा ओटा, वर लोखंडी तवा आणि धूर बाहेर काढणारे नळकांडे अशी चूल बसवतात. भेटीला आलेल्या माझ्या आईने बरोबर येण्याचा आग्रह धरला. तिने जालना जिल्ह्यात निर्धूर चुलीवर वर्षानुवर्षे स्वयंपाक केला आहे. आम्ही अभियंते पातळी आणि माप पाहत होतो; आईने पहिल्या घरातील बाईला खुणेने उभे केले, तिचे कोपर कोठे येते ते पाहिले आणि ओटा एका विटेने खाली घ्यायला लावला. स्थानिक गवंड्याने ते लगेच मान्य केले. नंतर त्या बाईने चुन्यात भिजवून दळलेल्या मक्याची टोर्टिया हातावर थापली आणि आई तिच्या शेजारी बसून भाकरीसारखी थापू लागली.

शंकित

वरील अनुभव वाचून आनंद झाला, तरीही एक प्रश्न विचारतो. चौघांच्या कुटुंबाच्या विमान तिकिटांत तेथील गवंड्याचे कित्येक महिन्यांचे वेतन निघेल. तो पैसा सरळ पाठवला तर अधिक चुली होणार नाहीत का? आईवडील सोबत गेले की सेवेची सहल होण्याचा धोकाही वाढतो.

न्यूजर्सीकर

@शंकित, आपला प्रश्न रास्त आहे आणि आमच्या मंडळीनेही तो गांभीर्याने घेतला. आता बांधकामाचे प्रमुख स्थानिक गवंडीच असतात, त्यांना ठरलेली मजुरी मिळते आणि आम्ही हाताखाली काम करतो. सामानाचा खर्चही गटाने वेगळा जमवायचा असतो. आईच्या तिकिटाचा भार मंडळीवर नव्हता. तरीसुद्धा ज्या कामाला स्थानिक माणूस मिळतो त्यासाठी परदेशातून कोणी जाऊ नये, याबाबतीत मी आपल्याशी सहमत आहे.

नगरी

सलाम. या विषयाला आपला स्वतःचा इतिहास आहे, तो येथे नोंदवावासा वाटतो. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) सुरू झाले. त्या काळी मिशनरीच्या आईवडिलांनी मुलाला बंदरावर निरोप दिला की पुन्हा भेट होईलच याची खात्री नसे. आज आपली मुले जातात आणि आपण शेजारच्या आसनावर बसून जातो, ही मला देवाची मोठी कृपा वाटते.

वेल्लोरची_विद्यार्थिनी

@नगरी, वेल्लोरला नर्सिंग शिकताना आम्हाला तेथील मिशन रुग्णालयाच्या संस्थापक आयडा स्कडर यांची हकिकत सांगत. १८९० मध्ये त्या अमेरिकेहून तामिळनाडूतील तिंडिवनमला आल्या त्या मिशनरी होण्यासाठी नव्हे, तर आजारी आईच्या शुश्रूषेसाठी. तेथे एका रात्रीत तीन बाळंतिणी दगावल्या, कारण घरच्यांना पुरुष डॉक्टर चालत नव्हता. त्या परत गेल्या, डॉक्टर झाल्या आणि १९०० मध्ये परतल्या. पुढे आई त्यांच्या कामात त्यांच्यासोबत राहिली.

दुसरे उदाहरण एव्हलिन ब्रँड यांचे आहे. कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड यांच्या त्या आई. मिशनने सत्तरीच्या सुमारास त्यांना निवृत्त केले तरी त्या दक्षिणेतील डोंगरी गावांतच राहिल्या आणि १९७४ मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी वारल्या. ‘आईवडिलांचे वय झाले’ असे कोणी म्हणाले की मला त्याच आठवतात.

धावपळीत

आमेन. पोळ्या करता करता वाचते आहे, म्हणून थोडक्यात विचारते. आमचा मुलगा केनियाला जाणार आहे आणि आम्हालाही चला म्हणतो. यजमान ६६ वर्षांचे आहेत आणि त्यांना मधुमेह आहे. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस घ्यावीच लागते का?

परिचारिका_निवृत्त

@धावपळीत, केनियाहून परतताना भारतात पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र मागतात आणि ते नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रावरच घ्यायची असते आणि प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते. मात्र ही जिवंत विषाणूची लस आहे आणि साठीनंतर प्रथमच घेणाऱ्यांमध्ये गंभीर दुष्परिणामांचा धोका तरुणांपेक्षा अधिक असतो. त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी यजमानांना त्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. इन्सुलिन घेत असतील तर ते विमानात हातातील पिशवीतच ठेवावे आणि औषधाची चिठ्ठी सोबत असावी. मलेरियाच्या गोळ्यांविषयीही त्याच भेटीत विचारावे.

माझाही अनुभव आहे, पण तो न गेल्याचा आहे. मुलाने फार आग्रह केला होता, परंतु माझ्या गुडघ्यांमुळे गटातील एक तरुण कायम माझ्यापाशी अडकला असता. मी घरी राहून त्यांच्यासाठी पाळीपाळीने प्रार्थना करणाऱ्यांच्या साखळीचे काम पाहिले आणि त्यांच्या दोन लहान मुलांना सांभाळले, म्हणून सूनबाईला जाता आले. त्यालाही मी सेवाच मानते.

राजेळी

@परिचारिका_निवृत्त, आपण लिहिलेला शेवटचा भाग मी आईला वाचून दाखवला. तिने आपल्याला नमस्कार सांगितला आहे.

धावपळीत

@परिचारिका_निवृत्त, मनापासून आभार. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. @कृष्णाकाठ, केनियात शिवणकाम शिकवणारी कोणी हवी आहे का, हे मुलाला विचारते. मला ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवता येतात.

कृष्णाकाठ

@धावपळीत, अवश्य विचारा, आणि तेथे शिलाईयंत्र हातचे आहे की पायाचे, तेही विचारून ठेवा. वीज नसेल तर विजेवरच्या यंत्राचा उपयोग होणार नाही. @शंकित, नेपाळच्या गटापुढे मी आपला खर्चाचा प्रश्न मांडणार आहे. तेथे आठवड्याची सुट्टी शनिवारी असल्याने मंडळ्यांची उपासनाही शनिवारीच होते, तेव्हा दोन्ही कुटुंबांनी कामाचे दिवस त्याप्रमाणे ठरवावेत असेही सांगेन.