प्रति: जुन्या गाड्या घेऊन परदेशवारी

भाऊ, पद्मिनी अन् अँबेसेडर जहाजानं युरोपात न्यायची कल्पना झकास आहे, पण पहिल्या वारीला कार्नेट (गाडी तात्पुरती परदेशात न्यायचा सीमाशुल्काचा कागद), त्याची हमी रक्कम अन् जहाजाचं भाडं कशाला अंगावर घ्यायचं? नेपाळ करा. तिथंही डावीकडूनच चालवतात. कार्नेट लागत नाही. गोरखपूरच्या पुढं सोनौलीला सीमा ओलांडली की दिवसांच्या हिशोबानं भन्सार (नेपाळचं सीमाशुल्क) भरायचा अन् निघायचं.

हरभरा घरात आला की मार्चात निघा. जानेवारीत गोरखपूरकडं धुकं असतं. नागपूर, जबलपूर, रीवा, प्रयागराज असं रमतगमत जा. सोनौली ते पोखरा सिद्धार्थ राजमार्ग जेमतेम 180 किलोमीटर, तरी मधे तानसेनला मुक्काम कराच. घाट आहे, अन् पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. उतारावर दुसऱ्या गिअरमध्येच ठेवा, नुसत्या ब्रेकवर उतरवली तर ड्रम तापून पेडल निकामी होतं.

रबराचे जुने पेट्रोल पाइप अन् इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा आधीच बदला, पेट्रोलमधलं इथेनॉल त्यांना खातं. चढावर दुपारी गाडी गुदमरली तर इंजिनावरच्या त्याच पंपावर ओलं फडकं टाका. आपल्या उन्हाळ्यात हे सगळ्यांनी केलेलंच आहे.

खरी अडचण कागदांची. आपल्याकडं निम्म्या गाड्या अजून आजोबांच्याच नावावर! नाव बदलणं अन् पंधरा वर्षांनंतरचं नोंदणी नूतनीकरण आरटीओत आत्ताच लावा. हॉटेलं मागाहून पाहता येतील.