प्रतिसाद: बदकांचं तिकीट घेतं कोण?
कुणीतरी विचारलंय की शिकार न करणारा अमेरिकेत २५ डॉलरचं 'डक स्टॅम्प' (पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी लागणारं, टपाल तिकिटासारखं दिसणारं सरकारी तिकीट) कशाला घेईल? मुख्य गिऱ्हाईक शिकारीच, हे खरं. सोळा वर्षांवरच्या कुणालाही बदकं-हंस मारायचे तर ते सक्तीचं आहे, आणि कागदी तिकिटावर शाईने सही केल्याशिवाय चालत नाही. संग्राहकाला नेमकं उलटं हवं: कोरं, बिनसहीचं. त्यामुळे संग्रहाचीही हौस असलेले शिकारी दोन-दोन घेतात! (पत्राला लावायला मात्र ते चालत नाही.)

पक्षीनिरीक्षकांचं कारण रोकडं आहे. एकतर राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानांत जिथे प्रवेशशुल्क आहे तिथे हे दाखवलं की फुकट. शिवाय डॉलरमागे ९८ सेंट पाणथळ जागा विकत किंवा भाडेकराराने घेण्यात जातात. १९३४ पासून साठ लाख एकरांच्या आसपास जमीन अशी राखली गेली. एवढा थेट हिशेब देणाऱ्या देणग्या किती असतात?

मला खटकतं ते एवढंच, की शिकाऱ्याच्या आणि पक्षीनिरीक्षकाच्या हातात तिकीट एकच. पैसा कुणी किती दिला ते त्यावरून कळत नाही, आणि मग श्रेय सगळं बंदूकवाल्यांच्या खात्यावर.