प्रतिसाद: भूलशास्त्रानंतर क्रिटिकल केअर

ताई, तुमची भाची भूलशास्त्रात एमडी करते आहे, पुढे आयसीयूत, म्हणजे क्रिटिकल केअरमध्ये जायचं तर रस्ता कोणता, असं तुम्ही विचारलंत. वर कुणीतरी लिहिलंय की एमडीनंतर आयसीयूत दोन-चार वर्षं काढली की झालं. मला ते अजिबात पटत नाही.

सरळ रस्ते दोन: डीएम किंवा डीआरएनबी (राष्ट्रीय बोर्डाची), दोन्ही एमडीनंतरच्या सुपरस्पेशालिटी पदव्या. दोन्ही ३ वर्षांचे, दोन्हींची प्रवेश परीक्षा बहुतेक ठिकाणी नीट-एसएस, म्हणजे सुपरस्पेशालिटीची देशपातळीवरची परीक्षा. जागा कमी पडल्या तर क्रिटिकल केअरच्या डॉक्टरांच्या सोसायटीचा आयडीसीसीएम हा डिप्लोमा आहे. प्रशिक्षण चांगलं मिळतं, खासगी हॉस्पिटलं मानतातही. पण राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मान्य पदव्यांत तो नाही. सरकारी कॉलेजात शिकवायचं मनात असेल तर डीएम-डीआरएनबीच धरा. युरोपची इडिक ही आयसीयूच्या डिप्लोमाची परीक्षा आहे, तीही जमेल तेव्हा द्यावी.

रीतसर प्रशिक्षणाचा एवढा आग्रह का? चंदगड-राधानगरीकडून मण्यार चावलेला पेशंट येतो. पापण्या मिटलेल्या, हातपाय लुळे, बाहुल्यासुद्धा उजेडाला हलत नाहीत. नवखा डॉक्टर नातेवाइकांना 'मेंदू गेला' सांगून मोकळा होतो. प्रत्यक्षात तो माणूस आतून पूर्ण जागा असू शकतो, सगळं ऐकत असतो! व्हेंटिलेटरवर नीट सांभाळला तर चालत घरी जातो. हे शिकायला मुरलेल्या गुरूच्या हाताखाली रात्री काढाव्या लागतात.

भाचीला म्हणावं, शिकायला पुण्या-मुंबईला जा, पण परत कोल्हापुरात ये. इथे फार गरज आहे.