मदत हवी आहे: पायाखुदाईत शेजारच्या भिंतीला तडा, काम थांबवण्याची नोटीस (शिवाजी पेठ)

नमस्कार मंडळी. शिवाजी पेठेतलं दगड-मातीचं जुनं घर उतरवून तिथंच तळमजला अधिक दोन बांधतोय. परवानगी रीतसर आहे, फलकही लावलाय. घोडं अडलंय खुदाईपाशी.

पूर्वेला काकूंचं घर, मध्ये बोटभरही जागा नाही. जेसीबीनं त्यांच्या कडेला सात फूट खाली गेलो आणि निघालेली माती तिथंच काठावर टाकली. चौथ्या दिवशी काकूंनी हाक मारून स्वयंपाकघरात नेलं. मांडणीमागं, कोनाड्यापासून आढ्यापर्यंत तडा. उलथन्याचं टोक आत जाईल एवढा. चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी महापालिकेत तक्रारही दिली. त्यांचं काही चुकलं नाही.

नोटीस म्हणते, काम थांबवा, सुरक्षेची व्यवस्था करून फोटोसह खुलासा द्या. ठेकेदार म्हणतो, "पेठेत सगळे असंच बांधतात. हिरवी जाळी मारू, फोटो काढू, विषय संपला." पण जाळीनं तडा थांबतोय होय? त्यात वळीव कधीही गाठेल.

आधी काय करू? आणि परवानगीच्या वेळी १ टक्का कामगार उपकर भरलाय, तरी हेल्मेट-पट्टे कुणी घ्यायचे? ठेकेदार माझ्याकडं बोट दाखवतोय.

उत्तर (साईटवर २२ वर्षं घालवलेला)

जाळीचं नंतर बघू, आधी ती माती हलवा. दीड मीटरपेक्षा खोल खुदाईला टेकू द्यायचा किंवा उतार काढायचा, हे आयएस ३७६४ या खुदाई-सुरक्षेच्या भारतीय मानकात स्पष्ट आहे. तुमचे सात फूट म्हणजे दोन मीटरच्या वर, आणि उताराला जागाच नाही. म्हणजे फळ्या-वाशांचा टेकू. माती काठापासून किमान दीड मीटर लांब हवी. जागा नसेल तर ट्रॉली लावून उचला, रस्त्यावर राडारोडा टाकून दुसरी नोटीस ओढवून घेऊ नका.

पुढची खुदाई एकदम लांबच लांब नको. चार-पाच फुटांचा टप्पा खणा, काँक्रीट भरा, मग एक टप्पा सोडून पुढं. टप्पे कुठं आणि केवढे, ते तुमचा स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवेल. त्याला आजच साईटवर आणा, त्याचं सहीचं पत्र खुलाशाला जोडा.

काकूंच्या तड्यावर काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसनं बसवा, शेजारी तारीख लिहा. काच तडकली की भिंत अजून हलतेय समजा. आणि भांडू नका. वीस वर्षांहून जुन्या घराला शेजारच्या जमिनीच्या आधाराचा हक्क मिळू शकतो, १८८२ चा सुखाधिकार कायदा आहे तसा.

उपकराचं म्हणाल तर तो बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडं जातो. वर्षात ९० दिवस काम केलेल्या कामगारांची तिथं नोंदणी होते. नोंदीत कामगाराला मंडळाकडून सुरक्षा संच मिळू शकतो, पण त्यावर विसंबू नका, साईटवर हेल्मेट ठेकेदारानं द्यायचं. करारात लिहिलं नसेल तर आता लिहून घ्या.

मूळ धागाकर्ता

माती काल रात्री उचलली, सात ट्रॉल्या निघाल्या. इंजिनिअर येऊन गेले, टेकू लागतोय. काच बसवताना काकू स्टूल धरून उभ्या होत्या. अजून शाबूत आहे. एकच विचारायचं राहिलं: टेकू पाया भरल्यावर काढायचा, की जोत्याची तपासणी होईपर्यंत ठेवायचा?